आधी घर्षण, मग तेल : आरसी रॉक क्रॉलरच्या शॉकचा आढावा

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या रॉक क्रॉलरचे, म्हणजे खडकांवर चढणाऱ्या छोट्या गाडीचे, शॉक बदलावेत का, आणि बदलायचे तर कोणते घ्यावेत, हा प्रश्न या छंदात आलेल्या प्रत्येकाला लवकरच पडतो. त्याला मिळणारी उत्तरं मात्र बहुतेक वेळा रेसिंगच्या गाड्यांकडून उसनी आणलेली असतात. रेसिंगची बग्गी वेगात उडी घेते आणि जमिनीवर आदळते. तिथे शॉकला तो आघात पचवायचा असतो. क्रॉलर माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश जातो. चारही टायर खडकाला दाबून ठेवणं, चॅसिस एका अंगाला झुकू न देणं आणि गाडीला योग्य उंचीवर उभं ठेवणं ही त्याच्या शॉकची कामं. हा फरक ध्यानात घेतला की शॉकच्या खोक्यावर छापलेले बरेचसे गुण आपल्या उपयोगाचे उरत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो. क्रॉलरच्या शॉकमध्ये सगळ्यांत आधी पाहायचं ते घर्षण, मग लांबी, मग स्प्रिंग, आणि तेल सगळ्यांत शेवटी. छंदी मंडळींच्या गप्पा मात्र तेलापासूनच सुरू होतात.

हा छंद वाढला तो मुख्यतः अमेरिकेत. सुरुवातीचे बरेच क्रॉलर तामिया कंपनीच्या १९८७ सालच्या क्लॉड बस्टर या मॉन्स्टर ट्रकची मोडतोड करून बनवलेले होते. पुढे कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅक्सियल कंपनीने एएक्स१० आणि मग एससीएक्स१० आणली, २०१७ मध्ये ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ आली, २०२० मध्ये एससीएक्स१०ची तिसरी आवृत्ती आली, आणि खऱ्या जीपसारख्या दिसणाऱ्या १/१० मापाच्या गाड्या हा छंदाचा मुख्य प्रवाह झाला. शॉकचं रूपही खऱ्या गाड्यांवरून आलं. अ‍ॅक्सियलच्या अ‍ॅल्युमिनियम शॉकवर आयकॉन या खऱ्या सस्पेन्शन कंपनीचं नाव असतं, आरसी४डब्ल्यूडीच्या शॉकवर किंगचं. मूळ कंपन्यांची परवानगी घेऊनच ही नावं वापरलेली असतात. हे शॉक दिसतातही देखणे. पण नाव खऱ्या शॉकचं असलं म्हणून आतली रचना तशी असते असं मुळीच नाही. बाजूला जोडलेली छोटी टाकी कित्येकदा केवळ शोभेची असते. तिच्यात तेल जायला वाटच नसते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवावी. छापून येणारे बरेच सेटअप युटामधल्या मोॲबच्या वालुकाश्मावर किंवा कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलच्या ग्रॅनाइटवर जमवलेले असतात. तो दगड खरखरीत, टायरला धरून ठेवणारा. सह्याद्रीतला बेसॉल्ट, विशेषतः ओढ्याच्या पात्रातला, पाण्याने गुळगुळीत झालेला असतो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं. तिथे टायर सुटतो तो अचानक. त्यामुळे ज्या गाडीचा कल मोॲबला खपून जातो, तीच गाडी इथे आडव्या उतारावर घसरते आणि उलटते. तिकडचे आकडे सुरुवातीला जरूर घ्यावेत, पण शेवटचा निर्णय आपल्या दगडावरच करावा.

शॉक बदलायची वेळ खरोखर कधी येते? शाफ्ट वाकला, झाकणाचे आटे गेले, बॉडीला तडा गेला, नव्या ओ-रिंग घालूनही गळती थांबत नाही, किंवा पितळी वजनं आणि जड बॉडी चढवून गाडी इतकी जड झाली की मूळ स्प्रिंग तिला पेलत नाही. यातलं काहीच नसेल, तर आधी टायर आणि त्यांच्या आतला फोम बदला, मग अ‍ॅक्सलवर पितळी वजनं लावा. चढण्याच्या क्षमतेत जेवढा फरक या दोन गोष्टी करतात तेवढा शॉक करत नाहीत. मूळ प्लॅस्टिकचे शॉकही उघडून धुवून, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून, नवं तेल भरून पुन्हा बांधले, तर कित्येकदा नव्या जोडासारखे चालतात.

आता घर्षणाकडे येऊ. ते मोजायला पट्टीशिवाय काही लागत नाही. गाडी सपाट फरशीवर ठेवा; बॅटरी आत, बॉडी वर. चॅसिसवर पुढच्या बाजूला एक खूण ठरवा आणि तिच्याजवळ पट्टी उभी धरा. हाताने गाडी खाली दाबा, मग हात अगदी सावकाश वर घ्या. गाडी जिथे थांबेल ती उंची लिहा. आता चाकं जमिनीला टेकलेली ठेवून चॅसिस वर उचला आणि तितक्याच सावकाश सोडा. ही दुसरी उंची. दोन्ही आकडे एकच यायला हवेत, पण येत नाहीत. मधल्या पट्ट्यात गाडी कुठेही अडकून राहते. तो पट्टा म्हणजे तुमच्या शॉकमधलं घर्षण.

आकड्यांत पाहू. समजा एका शॉकमध्ये अर्धा न्यूटन, म्हणजे साधारण ५० ग्रॅम वजनाइतकं घर्षण आहे. बोटाला ते जाणवतही नाही. पण क्रॉलरची मऊ स्प्रिंग ०.२ न्यूटन प्रति मिलिमीटर ताकदीची असेल, तर एवढ्याशा घर्षणाने गाडी २.५ मिलिमीटर वर आणि २.५ मिलिमीटर खाली अशी अडकू शकते. एकूण ५ मिलिमीटरचा पट्टा. ३० मिलिमीटर प्रवासाच्या शॉकमधला सहावा भाग यातच गेला. रेसिंगच्या ताठ स्प्रिंगमध्ये हेच घर्षण लपून जातं. स्प्रिंग जितकी मऊ, तितकं ते उघडं पडतं. चाक खडकावरून खाली उतरताना टायर खाली दाबला जात नाही, लोंबकळत राहतो. दुरून वाटतं की सस्पेन्शन छान वाकतंय, प्रत्यक्षात त्या टायरखाली पकड नसते.

घर्षण येतं कुठून? खालचं झाकण गरजेपेक्षा जास्त आवळल्याने ओ-रिंग दबते. शाफ्ट किंचित वाकलेला असतो. शाफ्टच्या टोकाच्या प्लॅस्टिकच्या डोळ्यात गोळी घट्ट बसलेली असते. स्प्रिंग बॉडीला घासते. आणि सगळ्यांत जास्त आढळणारं कारण शॉकच्या बाहेरच असतं: वरचा-खालचा बोल्ट इतका आवळलेला असतो की डोळा फिरतच नाही. अ‍ॅक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या लिंकच्या टोकांचंही तेच. शॉक काढून घेतल्यावर अ‍ॅक्सल अलगद उचलला जायला आणि सोडताच स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा. तसं होत नसेल, तर जगातला कुठलाही महागडा शॉक तिथे उपयोगाचा नाही. बोल्ट पूर्ण आवळून अर्धा फेरा मागे घेणं आणि नायलॉनचा लॉकनट वापरणं, इतक्या साध्या कामाने वरचा ५ मिलिमीटरचा पट्टा बराच कमी होतो. नव्या शॉकची परीक्षाही इथेच करावी. तेल न भरता, स्प्रिंग न लावता शाफ्ट बोटाने आत-बाहेर करून पाहा. कुठे खरखर लागली, मध्येच अडकला, तर बॉडीच्या आतला पृष्ठभाग नीट घोटलेला नाही असं समजावं. स्वस्त अ‍ॅल्युमिनियम शॉकची खरी उणीव हीच. वरचा रंग आणि आटे त्यांचेही चांगलेच असतात.

लांबीचा मुद्दा सोपा, पण त्यातच जास्त नुकसान होतं. लांबी मोजायची ती वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत, शॉक पूर्ण उघडा असताना. १/१० मापात ९० ते १०५ मिलिमीटर हा रोजचा पल्ला. प्रो-लाइनचे बिग बोअर स्केलर शॉक ९०–९५ आणि १००–१०५ अशा दोन जोडांत मिळतात ते त्यामुळेच. पण उघडी लांबी हा अर्धाच आकडा. मिटलेली लांबीही हवी. लांब शॉक मिटल्यावरही लांबच राहिला, तर चाक वर जायच्या आधीच शॉक आतून आदळतो आणि सगळा भार शाफ्टच्या प्लॅस्टिक टोकावर येतो. दुसऱ्या बाजूला, लांब शॉकने अ‍ॅक्सल जास्त खाली लोंबला की ड्राइव्हशाफ्टचा सरकणारा भाग बाहेर निघून येतो आणि गाडी अर्ध्या चढावर दोनच चाकांच्या जोरावर उरते. म्हणून नवे शॉक लावल्यावर स्प्रिंग न घालता प्रत्येक चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन पाहावं, पुढची चाकं दोन्हीकडे वळवून पाहावं, मगच स्प्रिंग चढवावी.

उंच गाडी रुबाबदार दिसते हे मान्य. पण १० मिलिमीटर उंची म्हणजे बॅटरी, मोटर आणि बॉडी सगळंच १० मिलिमीटर वर. आडव्या उतारावर त्याची किंमत लगेच कळते. पोटाखाली जागा हवी असेल तर मोठे टायर लावणं हा शॉकपेक्षा चांगला मार्ग, कारण त्याने अ‍ॅक्सलही वर उचलला जातो.

स्प्रिंग निवडताना एक साधा हिशेब मदत करतो. गाडीचं वजन ३ किलो धरा. त्यातलं अ‍ॅक्सल, चाकं, पितळ वगळून स्प्रिंगवर येणारं वजन १.६ किलो असेल, तर प्रत्येक शॉकच्या वाट्याला ४०० ग्रॅम, म्हणजे जवळपास ४ न्यूटन. ०.२ची स्प्रिंग या वजनाने २० मिलिमीटर दबते, ०.३ची साधारण १३ मिलिमीटर. ३० मिलिमीटर प्रवासाच्या शॉकमध्ये पहिली दोन-तृतीयांश खाली बसली, दुसरी निम्म्याच्या आसपास. मला निम्म्याच्या आसपासचीच स्थिती पसंत आहे: चाकाला वर जायला आणि खाली उतरायला दोन्हीकडे जागा राहते. दोन-तृतीयांश खाली बसलेली गाडी चढावर स्थिर असते, पण मोठ्या दगडावर पोट लवकर टेकतं. प्रीलोडचं, म्हणजे स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवणारं, चाक फिरवून उंची वाढवता येते; त्याने स्प्रिंग ताठ होत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की गाडी झुकते म्हणून लोक चाक फिरवत राहतात आणि मग झुकणं तेवढंच, वर गाडी उंच, असा दुहेरी तोटा करून घेतात. झुकणं कमी करायचं तर स्प्रिंगच बदलावी लागते.

शॉक तिरका लावला की स्प्रिंग आपोआप मऊ पडते. उभ्या रेषेपासून ३० अंश कलवलेल्या शॉकची चाकाला जाणवणारी ताकद मूळच्या सुमारे तीन-चतुर्थांश होते, ४५ अंशांना निम्मी. शॉकच्या टॉवरला चार-पाच भोकं दिलेली असतात ती यासाठी. नवी स्प्रिंग विकत घेण्याआधी ही भोकं वापरून पाहावीत. यात खर्च काहीच नाही. दोन स्प्रिंगांच्या शॉकमध्ये वरची मऊ आणि खालची ताठ असते. ०.३ आणि ०.६ एकापुढे एक जोडल्या की दोन्ही मिळून ०.२सारख्या वागतात, आणि मऊ स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले की उरते एकटी ०.६. सुरुवातीला मऊ, शेवटी ताठ, असा हा बेत. गाडी सपाटीवर उभी असतानाच वेढे टेकलेले दिसत असतील, तर मात्र दुसरी स्प्रिंग नुसती ओझं आहे.

पुढे-मागे एकाच ताकदीच्या स्प्रिंग लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. चढावर वजन मागे सरकतं, मागचे शॉक बसतात, पुढचे उघडतात, आणि गाडीचं नाक आभाळाकडे जातं. मागची स्प्रिंग किंचित ताठ ठेवावी आणि पुढच्या शॉकचं उघडणं आतून मर्यादित करावं. पिस्टनच्या खाली शाफ्टवर नळीचा छोटा तुकडा घातला की झालं. नाक उचलणं लक्षणीय कमी होतं.

यातूनच स्पर्धेच्या गाड्यांतली ड्रूपची पद्धत आली. तिच्यात स्प्रिंग पिस्टनच्या खाली, शॉकच्या आत असते आणि चॅसिसला खाली ओढते. गाडी जवळजवळ बसलेल्या अवस्थेत चालते. गुरुत्वमध्य खाली राहतो, आडव्या उतारावर गाडी चिकटून राहते. अमेरिकेतल्या गुणांच्या स्पर्धांत, जिथे गाडी मागे घेतली तरी दंड बसतो, तिथे हे फार उपयोगी ठरतं. खऱ्या क्रॉलरवाल्यांनी हाच हेतू साधायला विंचने पुढचा अ‍ॅक्सल चॅसिसकडे ओढून धरायची युक्ती काढलेली आहे. पण ट्रेलवर फिरायच्या गाडीला ड्रूप मानवत नाही. तिथे पोट घासतं आणि गाडी मेलेल्यासारखी चालते.

तेलाबद्दल बोलताना पिस्टनच्या भोकांपासून सुरुवात करावी, कारण तिथे गणित फार टोकाचं आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हागेनने आणि फ्रान्समध्ये प्वाझयने बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा जो नियम मांडला, त्यानुसार विरोध भोकाच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. भोक १.२ मिलिमीटरवरून १.३ केलं की विरोध साधारण २७ टक्क्यांनी उतरतो. पिस्टनच्या कडेने होणारी गळती आणि भोकाची कमी लांबी यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा वेगळा येतो. पण तेलाचा एक नंबर बदलण्याच्या बरोबरीचं काम एक दशांश मिलिमीटर करतो, हे खरं. दोन भोकांचा पिस्टन की तीन भोकांचा, हे आधी ठरवा.

दाटपणा सांगायला तेलावर छापलेल्या वेटच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. असोसिएटेड कंपनीचं ३० वेट ३५० सेंटिस्टोकचं, लोसी कंपनीचं ३० वेट ३३८चं. हा फरक किरकोळ, पण इतर बनावटींत तो बराच मोठा होतो. सेंटिस्टोक हे दाटपणाचं खरं एकक, ते पाहूनच तेल घ्यावं. तो आकडा सहसा २५ अंश सेल्सिअसचा असतो. सिलिकॉन तेल साध्या तेलापेक्षा तापमानाला कमी बधतं, तरी विदर्भातल्या मे महिन्यात ते पातळ होतंच आणि डिसेंबरच्या पहाटे दाट. बाइकचं फोर्क ऑइल या शॉकमध्ये घालू नका. ते तापमानाने जास्त बदलतं आणि काही रबरं बिघडवतं.

मग तेल किती दाट? सावकाश चढताना पिस्टन इतका हळू हलतो की तेलाचा विरोध नगण्य असतो. तेल काम करतं ते गाडी दगडावरून खाली पडते त्या क्षणी आणि चॅसिस डोलते तेव्हा. स्प्रिंग २० मिलिमीटर दबलेली असेल तर गाडी सेकंदाला साधारण साडेतीन वेळा डोलते. दहापट मोठ्या खऱ्या गाडीत, त्याच प्रमाणात, एकदाच. लहान गाडीची खेळण्यासारखी टुणटुण इथून येते. दाट तेलाने ती मंदावते आणि गाडी जड, खरी वाटू लागते. पण फार दाट तेल घातलं की चाक खाली उतरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ टायर हवेत राहतो. ३५० ते ५०० सेंटिस्टोकने सुरुवात करावी, मागे थोडं दाट, पुढे थोडं पातळ.

तेल भरणं हे घाईचं काम नाही. शाफ्ट पूर्ण बाहेर ओढून शॉक उभा धरा, काठापासून थोडं खाली राहील एवढं तेल ओता. शाफ्ट सावकाश वर-खाली करा. पिस्टनच्या खालून बुडबुडे वर येताना दिसतील. शॉक स्टँडला उभा करून तसाच ठेवा, जोवर बारीक बुडबुडेही फुटून जात नाहीत. ३ मिलिमीटर जाडीचा शाफ्ट ३० मिलिमीटर आत गेला की ०.२ मिलिलिटरहून थोडी जास्त जागा व्यापतो. या जागेसाठी आत हवा तरी हवी किंवा लवचिक रबरी पिशवी तरी. काहीच नसेल तर शाफ्ट आत जाताना तेल दाबलं जातं आणि हात काढताच शाफ्ट उसळून बाहेर येतो. क्रॉलरला ही उसळी नको. शाफ्ट निम्मा आत ठेवून झाकण लावा, जादा तेल बाहेर येऊ द्या, पुसा, आवळा. नंतर शाफ्ट जिथे सोडाल तिथेच राहिला तर काम जमलं.

काही गाड्यांत थ्रॉटल दिला की चॅसिस एका बाजूला पिळते. मोटरचा पीळ ड्राइव्हशाफ्टमधून अ‍ॅक्सलवर येतो, त्यामुळे हे होतं. टीआरएक्स-४सारख्या पोर्टल अ‍ॅक्सलच्या गाड्यांत गिअरची शेवटची घट चाकापाशीच होते, त्यामुळे ड्राइव्हशाफ्टवरचा पीळ कमी असतो. इतर गाड्यांत मागच्या एका बाजूचा प्रीलोड दीड-दोन फेरे वाढवून थोडा आराम पडतो. शॉककडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

१/२४ मापाच्या इवल्या क्रॉलरना सध्या मोठी मागणी आहे आणि त्यांच्यासाठी तेलाचे शॉक भरपूर विकले जातात. इथे मला सावध करावंसं वाटतं. १/१०वरून १/२४वर आलं की लांबी २.४ पटींनी कमी होते, पण वजन जवळपास १४ पटींनी. ओ-रिंगचं घर्षण मात्र शाफ्टच्या घेराबरोबर, म्हणजे २.४ पटींनीच उतरतं. वजनाच्या तुलनेत घर्षण सहापटीने वाढलं. तीनशे-चारशे ग्रॅमच्या गाडीत तेलाचा शॉक कित्येकदा आहे तिथेच अडकून राहतो. तिथे तेल न भरता, अगदी मऊ स्प्रिंगवर शॉक चालवणं जास्त फायद्याचं.

देखभालीत आपल्याकडचा शत्रू मुरूम आणि लाल माती. तिचे बारीक कण शाफ्टला चिकटतात, ओ-रिंगमध्ये रुततात आणि शाफ्टवर उभ्या रेघा पाडतात. मग कितीही ओ-रिंग बदलल्या तरी गळती थांबत नाही. ओढ्यातून आल्यावर शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसावा, त्याला तेल लावून ठेवू नये, कारण तेलाला माती जास्त धरते. आत सिलिकॉन तेल असेल तर ओ-रिंग सिलिकॉन रबराची असू नये. ती त्या तेलात फुगते आणि घर्षण पुन्हा वाढतं.

खरेदी करताना रंग आणि चकाकी पाहून ठरवण्याआधी एक चौकशी करावी: या शॉकच्या ओ-रिंग, शाफ्ट, पिस्टन आणि खालचा प्लॅस्टिकचा डोळा सुटे मिळतात का? परदेशातून मागवायच्या वस्तूत हे फार महत्त्वाचं. तीन मिलिमीटरचा एक शाफ्ट मिळाला नाही म्हणून चार शॉकचा अख्खा जोड बाद होतो. स्प्रिंग वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात का, आणि त्यांची ताकद नुसत्या रंगाने सांगितली आहे की आकड्याने, हेही पाहावं. प्रत्येक कंपनीचे रंग निराळे असतात. ज्या शॉकचे सुटे भाग आणि स्प्रिंग गाडीच्या मूळ शॉकशी जुळतात, तो थोडा कमी देखणा असला तरी मी तोच घेईन.